संकेतस्थळ दुकानाचे, पत्ता घराचा!

जयसिंगपूर - संकेतस्थळासाठी नाव, म्हणजेच डोमेन, विकत घेणे आता काही मिनिटांचे काम झाले आहे. अर्जात नाव, पत्ता, ई-मेल आणि मोबाइल क्रमांक भरावा, पैसे भरावेत, की नाव आपले! मात्र ही माहिती पुढे कोणाकोणाच्या हाती पडते, हा प्रश्न अर्ज भरताना क्वचितच विचारला जातो. मुंबई-पुण्यातील मोठी कंपनी अर्जात कार्यालयाचा पत्ता देते. जयसिंगपूरसारख्या शहरात मात्र अनेकदा खाली दुकान आणि वर घर असते. व्यवसायाचा आणि कुटुंबाचा मोबाइलही एकच असतो. त्यामुळे गोपनीयतेचा हा प्रश्न महानगरांपेक्षा छोट्या शहरांत अधिक जाचक ठरतो.

डोमेनधारकाची माहिती जाहीर ठेवणाऱ्या 'हूइज' व्यवस्थेचा उगम १९८२ मधला. यंत्रणेत बिघाड झाल्यास दुसऱ्या टोकाच्या तंत्रज्ञाशी संपर्क साधता यावा, हा त्यामागील साधा हेतू होता. पुढे इंटरनेटची बाजारपेठ झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयकॅन' या संस्थेच्या करारांमुळे ही माहिती खुली ठेवणे नोंदणी करणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक राहिले. साहजिकच ही यादी जाहिरातदारांच्या आणि भामट्यांच्याही कामी आली. नाव नोंदवताच 'संकेतस्थळ बनवून देतो' असे सांगणारे फोन आणि नूतनीकरणाची बनावट बिले येऊ लागली, ती यातूनच.

२५ मे २०१८ रोजी युरोपीय महासंघाचा माहिती संरक्षण कायदा लागू झाला आणि चित्र पालटले. त्याच्या आठवडाभर आधी 'आयकॅन'ने तात्पुरते नियम केले आणि वैयक्तिक तपशील झाकण्यास मुभा मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी जुन्या 'हूइज'ची सक्तीही संपली आणि तिची जागा 'आरडीएपी' या नव्या प्रणालीने घेतली. मात्र त्याआधी जाहीर झालेल्या नोंदींच्या प्रती खासगी कंपन्यांनी साठवून ठेवल्या आहेत. एकदा फुटलेला पत्ता परत झाकता येत नाही, हे यातील खरे दुखणे आहे.

भारतात 'डॉट इन' नावांची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था पाहते. या नावांसाठी धारकाऐवजी दुसऱ्याचे नाव लावून देणाऱ्या खासगी सेवांना तिच्या नियमांनी मज्जाव केला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून दिलासा मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु व्यक्तीने स्वत: जाहीर केलेली किंवा कायद्यानुसार जाहीर झालेली माहिती या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. डाबर कंपनीच्या नावाने वितरकपदाचे आमिष दाखवणाऱ्या बनावट संकेतस्थळांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने याच गोपनीयता सुविधेवर बोट ठेवले. फसवणारा पडद्याआड राहिला, तर फसलेल्याने दाद कोणाकडे मागायची? म्हणूनच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना व्यवसायाचे नाव, पत्ता आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक केले. ते योग्यच आहे.

पण प्रत्येक संकेतस्थळ म्हणजे दुकान नव्हे. जयसिंगपूर ऊस परिषदेसाठी राज्यभर ओळखले जाते. ऊसदर किंवा काटामारीवर परखडपणे लिहिणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने डोमेन घेतले आणि त्याच्या घराचा पत्ता जगजाहीर झाला, तर तो पुन्हा लिहिताना दहा वेळा विचार करील. माल विकणाऱ्याने पत्ता देणे आणि मत मांडणाऱ्याने पत्ता देणे, या दोन गोष्टींना एकच माप लावता येणार नाही. तपासयंत्रणेला व न्यायालयाला खरी ओळख मिळावी. कोणाही वाटसरूला ती मिळण्याचे कारण नाही.

तोवर सावधगिरी हाच उपाय. गोपनीयतेसाठी खोटा पत्ता देऊ नये. चुकीच्या माहितीवरून नाव स्थगित वा रद्द होऊ शकते. गोपनीयता सेवेत फक्त संपर्काचे तपशील बदलतात की कागदोपत्री धारकच बदलतो, हे आधी तपासावे. धारकच बदलत असेल, तर वादाच्या वेळी मालकी सिद्ध करणे जड जाते. संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन ठेवण्याची अनेकांची सवयही तितकीच धोक्याची. नोंदणीसाठी स्वतंत्र ई-मेल आणि वेगळा क्रमांक ठेवणे फारसे खर्चिक नाही. घराच्या दारावर नावाची पाटी लावायची की नाही, हे घरमालक ठरवतो. इंटरनेटवरील पाटीबाबतही तो अधिकार त्याच्याच हाती असायला हवा.