नावातला रोड

आमच्या कोकणातल्या घरी गणपती दीड दिवसाचा. वाद मात्र पाच दिवसांचा. गणपती पाण्यात गेला तरी वाद ओटीवर बसलेला असतोच. यंदा त्याचा विषय होता, कोकणाला रस्ता हवा की रेल्वे?

रस्तापक्षाचे पुढारी आमचे आप्पा, म्हणजे माझे काका. उभा जन्म त्यांनी मोटारीच्या चक्रापाशी काढला. रेल्वेपक्षाचा पुढारी त्यांचाच चिरंजीव, ठाण्याला राहणारा आमचा दादा. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा दोन्ही पक्षांनी मला पंच नेमले. ज्याला दोहोंतले काहीच कळत नाही तोच निःपक्षपाती, असा त्यांचा हिशेब असावा.

"रेल्वे घरापर्यंत येते का रे?" आप्पांनी तोफ डागली. "आंब्याची पेटी बागेतून उचलायची ती ट्रकनेच. रस्ता चांगला झाला की गाव जगतं."

"झाला की!" दादा म्हणाला. "पनवेलपासूनच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात घातला, आणि 2025 चे गणपती आले तरी पुरं झालं नव्हतं. तेवढ्या अवधीत रेल्वे दोनदा बांधून झाली असती."

यात अतिशयोक्ती असली तरी फार नव्हती. कोकण रेल्वेचे महामंडळ 1990 साली स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्वदाहून अधिक बोगदे खणून, कोकणातल्या साऱ्या नद्या ओलांडून, श्रीधरनसाहेबांच्या हाताखालच्या माणसांनी हे काम आठ वर्षांत उरकले. दादा हे सांगू लागला म्हणजे बोगदे त्यानेच खणले असे वाटते.

पण आप्पा हार जाणारे नव्हेत. "खणले, पण रूळ एकच टाकलान् ना? समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी. रोहा ते वीर एवढ्या सेहेचाळीस किलोमीटरांना दुसरा रूळ मिळायला 2021 साल उजाडलं. आणि मालमोटारी आगगाडीच्या वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला नेतात ते कशाला? 1999 पासून तुमची रेल्वे आमचा रस्ताच खांद्यावर घेऊन चालली आहे!"

सगळे हसले. दादाही हसला, पण लगेच म्हणाला, "म्हणजे तेवढे ट्रक घाटातून गेले नाहीत, हे तुम्हीच कबूल केलंत."

मग बोलणे अपघातांवर आले आणि आवाज आपोआप खाली उतरले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 साली बांधलेला पूल पुरात वाहून गेला. त्यात दोन एस.टी. गाड्या गेल्या, त्यांतली एक राजापूरहून बोरिवलीला निघालेली. आमच्या तालुक्यात ती रात्र अजून कोणी विसरलेले नाही. नवा पूल पुढच्याच वर्षी उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर लवकर होते, हेही तेव्हाच कळले. रेल्वेच्या वाट्यालाही 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीची आणि 2004 च्या जूनमध्ये करंजाडीजवळची दरड आलीच. कोकणातला पाऊस डांबर आणि रूळ असा पंक्तिप्रपंच करीत नाही.

मी घसा साफ करून निकाल देणार, तोच सौभाग्यवतीने स्वयंपाकघराच्या दारातून मला खूण केली. आत गेलो.

"काकूंकडे जरा बघा," ती हळूच म्हणाली.

काकू निरांजनात तूप घालीत होत्या. डाव्या हाताच्या बोटाने निरांजनाची कड चाचपायची, मग त्या बोटाच्या धोरणाने चमचा वाकवायचा. तूप बरोबर पडले. सकाळी आम्ही ज्या मोदकांची तोंड भरून स्तुती केली, त्यांच्या कळ्याही त्यांनी अशाच बोटांनी मोजून पाडल्या होत्या. त्यांना दिसत नव्हते.

"मोतीबिंदू आहे रे," काकू म्हणाल्या, जणू शेजारीण आली आहे असे सांगावे तशा. "दोन वर्षं झाली. रत्नागिरीला जायला हवं."

"मग गेला का नाहीत?"

"जायचं कसं? स्टेशन नऊ किलोमीटर. गावातली बस निघते ती गाडी गेल्यावर. हमरस्ता सात किलोमीटर. तिथवर चालायचं तर माझे गुडघे, आणि चालले तरी मला दिसायला हवं ना? एका खेपेत भागत नाही म्हणतात, पुन्हा तपासायला बोलावतात. ह्यांना कशाला दगदग! आणि दादाला सांगितलं तर तो रजा टाकून धावत येईल."

ओटीवरचा वाद एव्हाना थांबला होता. कौलारू घरात भिंती वरपर्यंत नसतात. आतले बोलणे बाहेर जातेच. आप्पा आणि दादा दोघेही दारात उभे होते. कोणी काही बोलले नाही. पंचाचा निकालही माझ्या घशातच राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा सांगून आम्ही काकूंना घेऊन निघालो. आम्हा चौघांच्या तिकिटांना जेवढे पैसे पडले त्याच्या कितीतरी पट रिक्षाला पडले. फलाटावर उभे असताना मी पाटी वाचली, 'राजापूर रोड'. मास्तरकीची खोड अशी की कुठेही शब्द दिसला की तो उलटा करून पाहावा. रेल्वेच्या भाषेत स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागला की समजावे, गाव इथे नाही, इथून त्या गावाला रस्ता जातो. सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड, सगळे याच कुळातले. म्हणजे रेल्वेने आपल्या नावातच कबुली दिली आहे की पुढचा रस्ता असेल तरच मी तुमची. इतकी वर्षे या पाटीखाली उतरलो, तिथून मुंबईकराच्या तोऱ्यात रिक्षेत बसलो. हा 'रोड' काकूंसाठी आहे की नाही हे कधी मनात आले नाही. आमचा वाद गावी येणाऱ्यांचा होता. गावात राहणाऱ्यांचा प्रश्न त्या नऊ किलोमीटरांत होता.

काकूंच्या एका डोळ्याचे काम झाले. निघण्यापूर्वी, पहिल्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाणारी बस असावी, असा अर्ज मी लिहून दिला. तेवढे तरी मराठी मला येते. खाली पहिली सही आप्पांची, दुसरी दादाची. बापलेकांचे एका कागदावर एकमत झालेले मी प्रथमच पाहिले. अर्जाचे उत्तर अद्याप यायचे आहे.

नवरात्रात काकूंचा फोन आला. "अरे, मोदकाची एक कळी वाकडी होती असं सूनबाई म्हणाली नाही कधी!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू काढलेला फोटो दादाने दाखवला ना! आता दिसतो मला." मग जरा थांबून म्हणाल्या, "दुसरा डोळा माघात करू म्हणतात. तोवर बस सुरू होईल का रे?"

पंचाला अजून उत्तर सुचलेले नाही.