पाहुण्याची रीत

आश्विनातील नवरात्र सरत आले की आमगावच्या रेल्वे फलाटावर एक विलक्षण दृश्य दिसते. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत डोंगरगडच्या बमलेश्वरीला निघालेले भाविक चढतात, आणि पश्चिमेकडील गाडीत पांढरी वस्त्रे नेसलेली, हाती निळे वा पंचरंगी झेंडे घेतलेली मंडळी नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात. दोन्हीकडे चेंगराचेंगरी सारखीच, शिदोरीची गाठोडी सारखीच, कडेवरची पोरेही सारखीच. आरक्षित डब्यातील सुशिक्षित उतारूची भाषा तेवढी बदलते. पहिल्या समुदायाला तो ‘यात्रा’ म्हणतो, दुसऱ्याला ‘गर्दी’.

या दुसऱ्या यात्रेचा आमगावशी संबंध केवळ रेल्वेचा नाही. गोंदिया जिल्हा १९९९ साली निराळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचा होता, आणि त्याच भंडाऱ्यातून १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी नागपुरात त्यांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लागलीच आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. ज्यांना मतपेटीने नाकारले होते, त्यांच्यामागे लोक पायी व बैलगाडीने नागपुरास आले. त्या लोकांची नातवंडे-पतवंडे आज या फलाटावर उभी असतात.

अलीकडे वैशाखी पौर्णिमेस किंवा विजयादशमीस बौद्ध शेजाऱ्याच्या वा सहकाऱ्याच्या निमंत्रणावरून विहारात जाणारे इतरधर्मीय पुष्कळ दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दुसऱ्याच्या उत्सवात कसे वागावे, याचे वळण आपल्या पांढरपेशा वर्गाला आहे असे आम्हांस अनुभवाने म्हणवत नाही. बाह्य रीती थोड्या आहेत व त्या कळण्यास कठीण नाहीत. पादत्राणे बाहेर काढावीत. बुद्धमूर्तीकडे पाय पसरून बसू नये. त्रिशरण-पंचशील सुरू झाले की मंडळी बसतील तसे बसावे, उठतील तसे उठावे. पाली शब्द येत नसतील तर स्वस्थ राहावे. ‘साधु, साधु, साधु’ या तिहेरी अनुमोदनात मात्र कोणीही सूर मिसळू शकतो. फुले, मेणबत्ती, उदबत्ती न्यावी. नारळ, हळदकुंकू व आरतीचे तबक घरी ठेवावे. कोणी ‘जय भीम’ म्हटले तर ‘जय भीम’ म्हणावे. इतके साधे प्रत्युत्तर देताना कित्येकांची जीभ का अडखळते, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

आणि खीर दिली तर खावी. ‘आत्ताच जेवून आलो’ हे वाक्य अन्यत्र साधे असेल; तेथे ते साधे राहत नाही. ज्या समाजाला सार्वजनिक तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली महाडास सत्याग्रह करावा लागला, त्याच्या अंगणात पाहुण्याचे पोट भरलेले असणे हा योगायोग म्हणून कोणी सहजी मानणार नाही. पथ्य असेल तर दोन घास खावेत, पण वाटी परत करू नये.

याहून मोठी चूक मात्र सज्जन माणसेच करतात, आणि ती प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली आहे. तीसएक वर्षांपूर्वी शाळामास्तर असताना आमगावनजीकच्या एका विहारात बुद्धपौर्णिमेस बोलण्याचा प्रसंग आला. ऊन टळले होते, माणसे प्रेमाने ऐकत होती. आम्ही भाषणाच्या भरात म्हणालो, ‘भगवान बुद्ध तुमचेच नव्हेत, आमचेही आहेत, ते तर विष्णूचा नववा अवतार!’ टाळ्या पडल्या नाहीत. सभा संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी खिरीची वाटी हाती देत शांतपणे म्हटले, ‘गुरुजी, तुम्ही प्रेमाने बोललात. पण ते मानणार नाही, अशी आमची प्रतिज्ञा आहे.’

तसे ते खरेच आहे. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी हीच. दशावताराच्या चित्रांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना बुद्धाला अवतारांच्या रांगेत बसविणे हा औदार्याचा कळस वाटतो. समोरच्याला मात्र तो, ज्या घरातून तो विचारपूर्वक बाहेर पडला, त्याच घराचा दरवाजा पुन्हा लावून घेतल्यासारखा वाटतो. आपण आपलेपणाने ओढतो आणि तो ओढला जात असतो. सहिष्णुतेच्या नावाखाली चालणारी ही ओढाओढ उघड द्वेषाइतकी बोचत नसेल, पण तिला उत्तर देणे अधिक कठीण असते, कारण उत्तर देणारा कृतघ्न ठरतो.

आमगावकर पद्मपूरला भवभूतीचे जन्मस्थान मानतात आणि त्याचा सार्थ अभिमान बाळगतात. त्या कवीच्या ‘मालतीमाधवा’त सारी सूत्रे हलविते ती कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका. दोन मंत्री तिला वडीलधारी मानतात, पोटच्या मुलांच्या विवाहाचे काम तिच्यावर सोपवितात. पण ती बौद्ध आहे ती बौद्धच राहते. तिला आपल्या देव्हाऱ्यात बसविण्याची गरज त्या वैदिक ब्राह्मण कवीला वाटली नाही. आम्ही हे नाटक शिकलो, त्यावर प्रश्नही काढले, आणि तरी त्या विहारात जाऊन ते बोललो!

दीक्षाभूमीचा भव्य स्तूप २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. तेथे जाणाऱ्या वाचकाने स्तूप अवश्य पाहावा, परंतु भोवतालच्या पुस्तकांच्या दुकानांपाशी अधिक वेळ काढावा. मजुरी करणाऱ्या बाया पदराच्या गाठी सोडून पुस्तके विकत घेतात, असा उत्सव आम्ही दुसरा पाहिलेला नाही. परतीच्या गाडीत आमगावास उतरणाऱ्यांच्या पिशव्या म्हणूनच येतानापेक्षा जड असतात. त्या वर ठेवायला जागा मागितली गेली तर आपली वळकटी थोडी सरकवावी, आणि कोणते पुस्तक घेतले म्हणून विचारावे.