इलेक्ट्रिक कार घ्यायची? शोरूमला जाण्याआधी घरचा मीटर आणि गावची डीपी बघा

अहिल्यानगर : एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला धावली ती नगर-पुणे रस्त्यावर. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 ला, एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' बससुद्धा याच रस्त्यावर धावली. म्हणजे विजेवरची गाडी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आता तर हिरव्या नंबर प्लेटच्या कार एमएच-16 आणि एमएच-17 अशा दोन्ही नंबरांत दिसायला लागल्यात. नेक्सॉन ईव्ही तर शिरूरच्या पलीकडे, रांजणगावच्या कारखान्यात तयार होते.

त्यामुळे पारावर, दूध डेअरीवर, लग्नाच्या मांडवात एक प्रश्न हमखास निघतो. "पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, इलेक्ट्रिक घ्यावी का?"

कुणी सांगतो, रुपया-दीड रुपयात किलोमीटर पडतो. कुणी सांगतो, बॅटरी गेली की गाडी भंगारात. दोघांचंही पूर्ण खरं नाही. खेड्यातल्या माणसासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. ही गाडी रात्री कुठं लावणार, आणि तिथं वीज कशी आहे? हिशोब बसणार की फसणार, हे बरंचसं यावरच ठरतं.

आधी बाजार काय म्हणतो

2024-25 या आर्थिक वर्षात देशात इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या एक लाखाच्या थोड्या वर. एकूण कारच्या तुलनेत हे प्रमाण शंभरात अडीच-तीन एवढंच. त्यानंतर विक्री वाढली आहे, पण आजही शंभरातले नव्वदहून जास्त लोक पेट्रोल, डिझेल, सीएनजी किंवा हायब्रिड गाडीच घेतात.

सरकारकडून काय मिळतं, हे नीट समजून घ्या, कारण इथं गैरसमज फार आहेत. केंद्राची 'पीएम ई-ड्राईव्ह' योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. 10,900 कोटींची योजना आहे, पण तिच्यात खासगी इलेक्ट्रिक कारला अनुदान नाही. ते दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक आणि रुग्णवाहिकांसाठी ठेवलं होतं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत होती, ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. "सबसिडी मिळवून देतो" म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर सावध राहा.

मिळतं ते असं. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी 5 टक्के. महाराष्ट्रात मोटार वाहन करात माफी. आणि राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणानुसार समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तीन ठिकाणी इलेक्ट्रिक कारला टोल माफ. कोपरगाव, राहाता, शिर्डीकडून समृद्धीवर चढणाऱ्यांना हा फायदा मोठा आहे. पारनेर-श्रीगोंद्याच्या माणसाला रोजच्या वापरात त्याचा फारसा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र उलटी झाली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी कारवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा 5 होता, 5 च राहिला. पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींमधलं अंतर पुन्हा वाढलं.

हिशोब कागदावर मांडू

छोटी कार धरू. पेट्रोल 105 रुपये लिटर, अ‍ॅव्हरेज 17. सीएनजी नव्वदच्या आसपास किलो, अ‍ॅव्हरेज 25. इलेक्ट्रिक कार घरच्या मीटरवर एका युनिटला साधारण 6 किलोमीटर जाते (चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून). घरगुती युनिट 12 रुपयांचं धरू, कारण गाडी लावली की 100 युनिटच्या स्वस्त स्लॅबमधून आपण वर जातो. तुमच्याकडचे दर वेगळे असतील तर आकडे बदलून बघा.

एका किलोमीटरचा खर्च असा येतो :

- पेट्रोल : 6 रुपये 20 पैसे
- सीएनजी : 3 रुपये 60 पैसे
- इलेक्ट्रिक, घरी चार्ज केली तर : 2 रुपये
- इलेक्ट्रिक, रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर (20 ते 25 रुपये युनिट) : साधारण सव्वातीन ते सव्वाचार रुपये

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. गाडी तीच, पण घरी चार्ज केली तर पेट्रोलच्या एक तृतीयांश खर्च, आणि कायम बाहेर चार्ज केली तर जवळपास सीएनजीइतका किंवा त्याहून जास्त. घरी चार्जिंगची सोय नसेल, तर इलेक्ट्रिक कारचा अर्धा फायदा तिथंच संपला.

आता महिन्याचं बघू. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे पेट्रोलवर साधारण 9,250 रुपये जातात. घरच्या विजेवर 3,000. म्हणजे वर्षाला 75 हजारांची बचत. इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड अडीच लाखांनी महाग पडली असं धरलं, तरी सव्वातीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतात.

पण ज्याची गाडी दारात उभी असते, आठवड्याच्या बाजाराला आणि पाहुण्यारावळ्यांकडे जायला लागते, तो महिन्याला 500 किलोमीटरच फिरतो. त्याची वर्षाची बचत 25 हजार. वसुलीला दहा वर्षं. तोवर कर्जाचं व्याज वेगळंच. अशा घरानं केवळ पेट्रोल वाचवायला म्हणून जास्तीचं कर्ज काढू नये. सीएनजीशी तुलना केली तर बचत आणखी कमी होते.

काही गाड्यांना 'बॅटरी भाड्याने' अशी योजना असते. गाडी स्वस्त दिसते, पण किलोमीटरमागे साडेतीन-चार रुपये बॅटरीचं भाडं आणि वर वीज आपली. बेरीज केली की पेट्रोलच्या जवळ जाते. दर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका.

गावठाणातलं घर आणि वस्तीवरचं घर

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पार्किंगमध्ये चार्जर बसवायला सोसायटीची परवानगी लागते. आपल्याकडे घर स्वतःचं, अंगण स्वतःचं, छपरावर ऊन भरपूर. त्या हिशोबानं खेडं शहरापेक्षा पुढं असायला पाहिजे. पण घोडं अडतं ते विजेवर, आणि तेही एकाच गावात दोन प्रकारे.

गावठाणातल्या घराला गावठाण फीडरची वीज असते. अडचणी आहेत, पण सप्लाय बराच वेळ असतो. वस्तीवरची अनेक घरं मात्र शेतीच्या फीडरवर आहेत. तिथं थ्री फेज ठरलेल्या तासांपुरती, बाकी वेळ सिंगल फेज, आणि त्याचं व्होल्टेज सगळ्यांनाच माहीत आहे. संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो तिथं कार चार्ज होईल का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कारसोबत येणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि सुमारे 3 किलोवॅट लोड घेतो. म्हणजे दोन इस्त्र्या आणि एक मिक्सर रात्रभर चालू ठेवल्यासारखं. 24 युनिटची छोटी बॅटरी जवळपास रिकामी असेल तर पूर्ण भरायला नऊएक तास लागतात. रोज 50 किलोमीटरच फिरायचं असेल तर तीन-चार तास पुरतात. पण व्होल्टेज कमी असलं की वेळ वाढतो, आणि अर्थिंग नीट नसलं तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. घरच्या इन्व्हर्टरवर हे काम होत नाही.

म्हणून विजेच्या बिलावर 'मंजूर भार' हा रकाना बघा. खेड्यातल्या पुष्कळ मीटरवर तो एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असतो. त्यावर कार लावायची तर महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो. मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि खड्डा करून अर्थिंग हे चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि एक मोह टाळा. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, म्हणून कुणी विहिरीवरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायचा विचार करत असेल, तर तो वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी संबंधित दराच्या दुप्पट होते. वाचवलेलं सगळं एका झटक्यात जाईल.

छपरावरचं ऊन

ज्यांचं घर पक्कं आणि मीटर गावठाणात, त्यांच्यासाठी सगळ्यात चांगली जोडी म्हणजे छपरावरचं सोलर आणि इलेक्ट्रिक कार. 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटच्या सोलरला 78 हजारांचं अनुदान आहे. एवढ्या पॅनलमधून महिन्याला साधारण 300 ते 350 युनिट तयार होतात. वर धरलेल्या 1,500 किलोमीटरला लागतात 250. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगमधून महावितरणला जाते आणि रात्री गाडीला वापरलेली त्यातून वजा होते. मात्र ज्या वस्तीवर सप्लायच जातो-येतो, तिथं लाइन बंद असताना साधं सोलरही बंद पडतं, हे लक्षात ठेवा.

सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात 2017 ला आपल्याच राळेगणसिद्धीतून झाली. त्यातून शेतीला दिवसा वीज मिळायला लागली, तर रात्री पाणी धरायचा त्रास वाचेल, ते चांगलंच. पण कार घरी येते रात्री. तेव्हा वस्तीवरच्या सिंगल फेजचा प्रश्न त्यानं आपोआप सुटणार नाही.

रस्त्यावर निघाल्यावर

कंपनी सांगते तो किलोमीटरचा आकडा चाचणीतला असतो. प्रत्यक्षात त्याच्या 65 ते 75 टक्के धरा. 300 सांगितले असतील तर 200 च्या आसपास. नगर ते पुणे 120 किलोमीटर, जाऊन-येऊन 240. छोट्या गाडीला मध्ये एकदा चार्जिंग लागणारच. नगर-पुणे रस्ता आणि शिर्डी परिसरात चार्जर सापडतात. अकोले, जामखेड, पाथर्डी या बाजूला त्या मानानं कमी. अकोल्याचा घाट चढताना चार्ज भराभर उतरतो, उतारावर थोडा परत मिळतो.

निघण्याआधी अ‍ॅपवर चार्जर चालू आहे का ते बघा आणि पोहोचायच्या आधीच्या चार्जरचा पर्याय डोक्यात ठेवा. आणखी एक सवय लावा. रात्री गाडी घरी आली की चार्ज 40 टक्क्यांच्या खाली नको. खेड्यात सर्पदंश, बाळंतपण, छातीत कळ हे वेळ बघून येत नाही. रात्री दोनला दवाखाना गाठायचा असताना वीज नाही आणि बॅटरी 10 टक्के, ही वेळ यायला नको. घरात दुसरं वाहन नसेल तर याचा विचार पहिला करा.

बॅटरीची भीती मात्र थोडी जास्तच पसरलीय. बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. जुनी गाडी घेताय तर बॅटरीची तब्येत सांगणारा रिपोर्ट मागा आणि उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर होते का ते लेखी घ्या. ओळखीच्या गॅरेजवाल्याला ही गाडी दुरुस्त करता येईलच असं नाही. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि गाडी बंद पडली तर टोचन कोण करणार, हे आधी विचारा.

मग कुणी घ्यावी?

गावठाणात घर, सप्लाय भरवशाचा, रोज 50-60 किलोमीटरची ठरलेली ये-जा (शिक्षक, बँकेतला माणूस, एमआयडीसीतला नोकरदार, व्यापारी) आणि घरात दुसरं वाहन असेल, तर हिशोब बसतो. सोलर असेल तर नक्कीच बसतो.

वस्तीवर कमी व्होल्टेज, महिन्याला 500 किलोमीटर, एकच गाडी आणि तिच्यासाठी पतसंस्थेचं कर्ज, अशी स्थिती असेल तर थांबा. गाड्या स्वस्त होतायत, थांबून नुकसान नाही. तोवर शेजारच्या गावाला जायला विजेवरची दुचाकी पुरते. ती साध्या सॉकेटवर चार्ज होते.

शेवटचं काम एकट्या घराचं नाही, गावाचं आहे. गावात आज एखाददुसरी कार आहे, म्हणून डीपीला कळत नाही. उद्या दहा गाड्या रात्री एकदम लागल्या, तर 30 किलोवॅट लोड झाला. 63 केव्हीएच्या डीपीची जवळपास निम्मी ताकद तिथंच गेली. डीपी जळाली की अंधारात सगळं गाव बसतं, ज्याच्याकडे सायकलही नाही तोसुद्धा. कार घेणाऱ्यांनी भार रीतसर वाढवून घेतला, तरच कागदावर मागणी दिसते आणि मोठ्या डीपीचा प्रस्ताव पुढं सरकतो. येत्या ग्रामसभेत डीपीची क्षमता आणि वस्तीवरचं व्होल्टेज हा विषय घ्या, ठराव करा आणि त्याची प्रत महावितरणच्या उपविभागात देऊन पोच घ्या. गाडी घ्यायची असो वा नसो, त्या विजेवर मुलांचा अभ्यासही चालतो.