टँकच्या भिंतीवरचं हट्टी शेवाळ: घासणी उचलण्याआधी थांबा

मागच्या वर्षी दादा-वहिनी आठ दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि हैदराबादच्या त्यांच्या फ्लॅटची चावी माझ्याकडे आली. काम एकच होतं. हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या दोन क्लाउनफिशना रोज खायला घालायचं. पण टँकची पुढची भिंत हिरव्या-जांभळ्या डागांनी भरली होती. म्हटलं, दादा येईपर्यंत चकाचक करून ठेवू या. ओट्यावरची हिरवी घासणी नळाखाली धुतली आणि जोर लावून घासलं. डाग अर्धेच गेले. पाणी निवळल्यावर पाहते तर भिंतीवर बारीक ओरखड्यांचं जाळं! ती भिंत काचेची नव्हतीच, अ‍ॅक्रिलिकची होती.

त्यात ती घासणी भांड्यांची. तिच्यात साबण राहिला असता तर मासे दगावले असते, हे दादाने नंतर शांतपणे सांगितलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हा तुमच्या घरी असा टँक असेल, तर पहिलं काम म्हणजे भिंत कशाची आहे ते पाहणं. काचेच्या टँकच्या कोपऱ्यात सिलिकॉनची रबरासारखी रेघ दिसते आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. अ‍ॅक्रिलिकवर बद्द आवाज येतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर ब्लेड आणि खरखरीत घासणी दोन्ही विसरा. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर वापरा, नाहीतर मुदत संपलेलं एटीएम कार्ड. खरंच, कार्ड छान चालतं.

मग डाग ओळखा. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येतो. तो डायटमचा. बोटानेही पुसला जातो आणि बऱ्याचदा हळूहळू आपोआप कमी होतो. हिरवा पातळ थर दोन-चार दिवसांनी परत येतोच, त्यासाठी मॅग्नेट क्लीनर पुरे. खरे हट्टी दोनच: टणक हिरवे ठिपके आणि जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळ. कोरलाइन पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःभोवती चुन्याचं कवच तयार करतं, म्हणून ते पुसलं जात नाही, खरवडावंच लागतं. पण ते दिसलं म्हणून घाबरू नका. कॅल्शियम आणि क्षारता ठीक असल्याशिवाय ते वाढत नाही, म्हणजे पाण्याची तब्येत बरी आहे. पुढची भिंत साफ करा, मागची जांभळी राहू द्या. मला तर ती तशीच आवडते.

काचेवरच्या कोरलाइनसाठी धातूचं ब्लेड असलेला स्क्रॅपर लागतो. ब्लेड तिरपं धरा, आडवे हात न मारता वर-खाली चालवा आणि सिलिकॉनच्या रेघेपासून लांब ठेवा. ती कापली गेली तर टँक गळायला लागेल. काम झाल्यावर ब्लेड गोड्या पाण्यात धुऊन कोरडं करा, खारं पाणी त्याला लगेच गंज चढवतं. मॅग्नेट क्लीनरचा धोका वेगळा. तळाच्या वाळूचा एक कण जरी चुंबक आणि काचेच्या मध्ये अडकला, तरी लांब ओरखडा उमटतो. म्हणून वाळूपासून दोन-तीन बोटं वरच थांबा.

हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे प्लग काढा. हाताला जखम असेल तर लांब हातमोजे घाला, टँकच्या पाण्यातून त्वचेला चिवट संसर्ग होऊ शकतो. हीटर किंवा पंपावर कोरलाइन चढलं असेल तर ते बाहेर काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, कवच विरघळतं. व्हिनेगर टँकमध्ये मात्र ओतू नका. आणि पाणी बदलायच्या दिवशीच खरवडा, म्हणजे सुटलेले कण पाइपने ओढून काढता येतात.

एवढं करूनही आठवड्यात भिंत पुन्हा हिरवी? मग दोष बहुतेक पाण्यात आहे. दादाच्या टँकमध्ये स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी जायचं. आपल्याकडच्या अनेक घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळलेलं असतं किंवा खनिजं घातलेली असतात. टँकमधलं पाणी उडून जातं, पण त्यातलं बाकीचं सगळं मागे राहतं, आणि रोज भर घालताना ते साठत जातं. टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आकडा दाखवणारं पाणीच घ्या. दुसरं कारण लाडाचं: मासे दिसले की मुलं चिमूटभर खाणं टाकतात. उरलेलं कुजतं आणि शेवाळाचं खत होतं. टँकवर खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा लावा.

शंखाच्या गोगलगायी पातळ शेवाळ आवडीने खातात, दादाने चार आणल्या. कोरलाइनपुढे त्यांचंही फारसं चालत नाही. माशांना कधी तांब्याचं औषध द्यावं लागलं तर ते याच टँकमध्ये घालू नका, गोगलगायी मरतील. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये हलवा.

माझे ओरखडे अजून आहेत. संध्याकाळी टँकचा दिवा लागला की चमकतात, आणि माझा सहा वर्षांचा भाचा घरी आलेल्या प्रत्येकाला बोट लावून दाखवतो, “हे आत्तूने काढलंय.”