दुरुस्ती आणि पारख

मैफलीत गायन सुरू होण्यापूर्वी गवई तंबोरा जुळवीत बसतो. तो खुंट्या पिळतो, मणी सरकवितो, घोडीवरचा सुताचा धागा किंचित पुढेमागे करून जवारी नीट लागली की नाही हे कान देऊन पाहतो. एक राग संपला की दुसऱ्यापूर्वी पुन्हा तोच क्रम चालतो. म्हणून, 'ज्या वाद्याला इतक्या वेळा जुळवावे लागते ते वाद्यच वाईट', असे कोणी रसिक म्हणत नाही. उलट, बेसूर झालेला तंबोरा तसाच छेडीत राहणाऱ्या गवयालाच लोक नावे ठेवतात.

मोबाईलमधील संगीताच्या ॲप्सना मात्र हा न्याय सहसा लावला जात नाही. तंबोऱ्याची साथ, तबल्याचा ठेका, गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय या सर्व गोष्टी आज खिशातील फोनमध्ये येऊन बसल्या आहेत. यांपैकी कित्येक ॲप्स एकट्यादुकट्या माणसाने किंवा दोघाचौघांच्या लहानशा गटाने तयार केलेली असतात. अशा एखाद्या ॲपची नवी आवृत्ती दर पंधरवड्याला येऊ लागली की लोक कंटाळतात. 'उठल्यासुटल्या दुरुस्ती! मुळातच नीट का केले नाही?' असे ते विचारतात. हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. थोडा खोल विचार केला तर मात्र तो अर्धाच रास्त आहे, असे दिसून येते.

संगणकात ध्वनी कसा साठविला जातो हे प्रथम पाहिले पाहिजे. ध्वनीची लहर एका सेकंदात हजारो वेळा मोजतात आणि त्या आकड्यांची रांग साठवून ठेवतात. संगीताच्या सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० असे ठरलेले आहे. गाणे वाजविताना हे आकडे लहान लहान गटांनी पुढे पाठवावे लागतात. गट २५६ आकड्यांचा असेल, तर पुढचा गट सुमारे सहा सहस्रांश सेकंदात तयार झालाच पाहिजे. पत्र लिहिण्याच्या ॲपला एवढा उशीर झाला तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. संगीताच्या ॲपला तेवढाच उशीर झाला, तर सुरांच्या मध्येच 'टक्' असा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याचा रसभंग होतो. अशा सूक्ष्म कामात पहिल्याच प्रयत्नाला सर्व काही निर्दोष व्हावे, ही अपेक्षा कोणत्याही कारागिराकडून करता येत नाही.

शिवाय, कारागिराचा दोष नसतानाही काम बिघडू शकते. २०१५ साली 'आयफोन ६ एस' हा फोन बाजारात आला. त्याच्या अंगच्या स्पीकरसाठी सेकंदाला ४८,००० आकडे हे प्रमाण ठरलेले होते. त्यापूर्वीची पुष्कळ ॲप्स ४४,१०० हेच प्रमाण गृहीत धरून लिहिलेली होती. त्यांपैकी काहींचा आवाज या नव्या फोनवर बिघडला. ४४,१०० च्या हिशेबाने साठविलेले गाणे ४८,००० च्या वेगाने वाजविले, तर ते लवकर संपते आणि त्याचा सूरही हार्मोनियमच्या एका पट्टीहून अधिक वर चढतो. 'प्रमाण अमुकच असेल असे न मानता ते फोनलाच विचारून घ्यावे', हा धडा यातून मिळाला. पुढे २०१७ साली आयफोनची 'आयओएस ११' ही प्रणाली आली, तेव्हा जुन्या ३२-बिट पद्धतीची ॲप्स तिच्यावर चालेनाशी झाली. ज्यांच्या कर्त्यांनी ती नव्याने बांधली, तीच टिकली. पायाखालची जमीनच जेथे वरचेवर बदलते, तेथे घराची डागडुजीही वरचेवर करावी लागणार, हे उघड आहे.

येथवर दुरुस्ती करणाऱ्याची बाजू झाली. परंतु या बाजूच्या आश्रयाला आळशी माणूसही येऊन उभा राहतो. 'चूक राहिली तर राहू दे, पुढच्या आठवड्यात सुधारू', असे म्हणून तो अर्धेकच्चे काम लोकांच्या हाती देतो. ही वृत्ती घातक आहे. एखाद्या गावात गाणे शिकविणारे कोणी नाही आणि घरी पेटीही नाही, अशी कल्पना करावी. तेथील एखादी मुलगी पहाटे उठून फोनमधील तंबोऱ्यावर षड्ज लावते. त्या तंबोऱ्याचा पंचमच थोडा उतरलेला असेल, तर ती तोच खरा मानून महिनोन्महिने घोटील. ॲपमधील चूक एका रात्रीत सुधारता येते; तिच्या कानाला जडलेली सवय नव्या आवृत्तीने पुसली जात नाही. म्हणून दुरुस्ती कितीही वेळा करावी, पण प्रत्येक वेळी ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी पारखून घ्यावी.

ही पारख कशी करतात? वेर्नर श्वेर यांनी २००२ साली सुरू केलेले 'म्यूझस्कोअर' नावाचे पाश्चात्त्य स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या आज्ञावलीत कोणी बदल केला की स्वरलेखनाची नमुन्याची पाने पुन्हा नव्याने काढली जातात आणि ती पूर्वीच्या पानांशी ताडून पाहिली जातात. एखादी खूण जागची हलली असेल, तर यंत्र तो फरक दाखविते. एक चूक सुधारताना दुसरीकडे काही बिघडले काय, हे यामुळे कळते. मात्र 'फरक पडला' एवढेच यंत्र सांगते. तो फरक चांगला की वाईट, हे ठरविण्यास माणसाचे डोळे आणि माणसाचे कानच लागतात.

तेही एकट्या कर्त्याचे कान पुरत नाहीत. आपल्याच निबंधातील चूक जशी पुष्कळदा आपल्याला दिसत नाही, तशी स्वतःच्या कामातील चूक कर्त्याला ऐकू येत नाही. त्याच्याजवळ एक-दोन फोन असतात. लोकांच्या हाती हजारो प्रकारचे फोन असतात. गूगलच्या प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच विचाराने एक नियम केला. नव्याने वैयक्तिक खाते उघडणाऱ्या कर्त्याने आपले ॲप सर्वांना देण्यापूर्वी निदान २० माणसांकडून सलग १४ दिवस पारखून घ्यावे, असा तो नियम होता. एकट्या माणसाला एवढे परीक्षक मिळविणे जड जाऊ लागले, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. संख्या कमी झाली, तरी पारखीची अट काढून टाकली गेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पारख करणाऱ्या या मंडळींप्रमाणे ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाकडेही या कामाचा काही वाटा येतो. 'ऑडॅसिटी' या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केले व २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. पुढे अनेक स्वयंसेवकांनी ते वाढविले. त्यात एक अडचण फार वर्षे होती. एकाच ध्वनिमुद्रणाचे शेकडो लहान तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये राहत असत. एखाद्याने मुख्य फाईल दुसरीकडे हलविली आणि तो फोल्डर मागेच राहिला, तर केलेले काम उघडेनासे होई. २०२१ साली आलेल्या ३.० या आवृत्तीत सर्व काम एकाच फाईलमध्ये राहील अशी योजना झाली, आणि जुन्या पद्धतीचे कामही तिच्यात उघडण्याची सोय ठेवली गेली. नवा बदल करताना जुन्या माणसांचे श्रम वाया जाऊ न देणे, हे चांगल्या कारागिराचे लक्षण होय.

मग वापरणाऱ्याने काय करावे? 'ॲप चालत नाही' एवढेच लिहून रागाने एक तारा देणे, हे वैद्यासमोर बसून 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे आहे. दुखते कोठे, केव्हापासून, काय खाल्ल्यावर, हे कळल्याशिवाय वैद्य औषध कसे देणार? फोन कोणता, आवृत्ती कोणती, कोणते बटण दाबले आणि त्यानंतर काय झाले, या चार गोष्टी नीट कळविल्या तर कर्त्याचे कित्येक दिवसांचे शोधकाम वाचते. तसेच, मैफलीच्या दिवशी कोणी शहाणा वादक सतारीला नवी तार चढवीत नाही. ती ताणली जाऊन पुन्हा पुन्हा उतरत राहते, हे त्याला ठाऊक असते. कार्यक्रमाच्या दिवशी नवी आवृत्ती न घेणे, हाही तसाच विवेक आहे.

कर्त्याचेही एक कर्तव्य उरते. 'किरकोळ सुधारणा' या दोन शब्दांखाली चूक झाकून न ठेवता, काय चुकले होते आणि काय सुधारले, हे त्याने स्पष्ट सांगावे. चूक कबूल केल्याने त्याची पत कमी होत नाही. लोकांचा विश्वास वाढतोच.

तंबोरा वारंवार जुळविणाऱ्या गवयाचा मान श्रोते राखतात, कारण प्रत्येक वेळी खुंटी पिळल्यावर तो थांबतो, तार छेडतो आणि कान लावून ऐकतो. न ऐकताच खुंट्या पिळीत बसणाऱ्याचे वाद्य कधीच जुळत नाही. ॲपची वारंवार दुरुस्ती करणाऱ्यालाही हेच लागू पडते.