वर्तमानात जगा, पण कोणत्या?

भूतकाळ सरला, भविष्य हाती नाही, म्हणून सुख फक्त वर्तमानात आहे, हे मत व्याख्यानांतून आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांतून इतक्यांदा कानावर पडते की ते सिद्धच झाले आहे, असे वाटू लागते. त्याला आधारही दिला जातो. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढांना दिवसभरात केव्हाही फोनवर विचारले जाई : आत्ता कसे वाटते, काय चालले आहे, मन त्यातच आहे की दुसरीकडे? सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होते, आणि अशा वेळी माणसे एकंदरीत कमी सुखी आढळली.

त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष मात्र उपदेशक सोयीने गाळतात. मन एखाद्या सुखद विषयात रमले असेल, तर हातच्या कामात लक्ष असतानाच्या तुलनेत सुख घटत नव्हते. घट दिसली ती विषय अप्रिय किंवा तटस्थ असताना. म्हणजे मन भटकले एवढ्यानेच सुख हरपते, हा अर्थ त्या आकड्यांतून निघत नाही.

शिवाय ‘वर्तमानात जगणे’ एकाच प्रकारचे नसते. फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ साली ५६ विधानांच्या प्रश्नावलीतून काळाकडे पाहण्याच्या पाच दृष्टी वेगळ्या केल्या : भूतकाळाची कटू आणि गोड, वर्तमानाची भोगवादी आणि दैववादी, आणि पाचवी भविष्याची. त्यांत नैराश्याशी नाते दिसले ते कटू भूतकाळाचे आणि दैववादी वर्तमानाचे. दैवात असेल ते होईल म्हणून हातपाय गाळणारा माणूसही आजच्यापुरतेच पाहत असतो. अर्थात हे सहसंबंध आहेत. खचलेल्या मनाला मागचे सारे काळे दिसते, हा उलटा क्रमही संभवतो.

भूतकाळावरचा आरोपही सरसकट टिकत नाही. १६८८ साली बाझेलच्या योहानेस होफर याने घरच्या ओढीला चक्क रोग ठरवले होते. अलीकडे साउदम्प्टन विद्यापीठातील संशोधनात मात्र गतदिवसांच्या अशा हळव्या आठवणींनी आपलेपणाची आणि जगण्यातल्या अर्थाची जाणीव वाढलेली दिसली. घातक आहे ते जुने दुःख उगाळत बसणे. सूझन नोलेन-होक्सेमा यांनी त्याचा नैराश्याशी असलेला संबंध दीर्घकाळ अभ्यासला.

म्हणून स्वास्थ्याचा प्रश्न काळ निवडण्याचा नाही. मागच्याशी सलोखा, आजचा आस्वाद आणि उद्याची तजवीज या तिन्हींत प्रसंगानुसार ये-जा करता येणे, यालाच अभ्यासक संतुलित कालदृष्टी म्हणतात.

ही ये-जा केवळ स्वभावावर सोपवणे मात्र अन्यायाचे ठरते. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८ लहान मुले होती. त्यांना वापरलेले खडू देऊन ‘थांबा, चांगले साहित्य आणतो’ असे सांगितले गेले. निम्म्यांना ते मिळाले. उरलेल्यांकडे संशोधक माफी मागत रिकाम्या हाताने परतला. मग समोर मार्शमॅलो ठेवून, थांबल्यास दुसरा देण्याचे आश्वासन दिले. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसलेली जेमतेम ३. प्रयोग लहान आहे. पण उद्याची पर्वा नसणे हा थेट चारित्र्याचा दोष मानणाऱ्यांना त्याला उत्तर द्यावे लागेल. कारण दोन्ही गटांत मुद्दाम बदललेली गोष्ट एकच होती : मोठ्यांनी शब्द पाळला की नाही.