संगणक उघडेना तेव्हां

गेल्या महिन्यांत आमच्या घरचा संगणक एका सकाळीं उघडेना. निळा पडदा, त्यावर दोन इंग्रजी ओळी, पुढें कांहीं नाहीं. आमच्या तीर्थरूपांनीं सांगितलेला व सूनबाईंनीं टंकलिखित केलेला कुलवृत्तांत त्यांतच होता; तीर्थरूप आतां नाहींत. चिरंजीव म्हणाले, "विंडोज नव्यानें घालतों, तासाभरांत सुरू होईल." आम्हीं त्यांचा हात धरला.

वाचकहो, संगणक न उघडणें आणि आंतील फायली नष्ट होणें या अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळदां बिघडते ती विंडोज; फायली हार्ड डिस्कवर जागच्या जागीं असतात. कुलपांत किल्ली मोडली म्हणून कोणी घर पाडीत नाहीं! घाईनें डिस्क पुसून विंडोज घातली, तर मात्र जुन्या अक्षरांवर नवीं उमटतात व पहिलीं परत मिळणें दुरापास्त होतें.

आम्हीं शेजाऱ्यांच्या संगणकावरून उबुंटू ही विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवर घेतली व आमचा संगणक तिच्यावरून सुरू केला. ती डिस्कवर न बसवितां नुसती वापरून पाहतां येते. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असल्यास ४८ आंकडी किल्ली हवी. आमच्या डिस्कला तें नव्हतें. आणि डिस्क टकटक वाजत असेल, तर हा खटाटोप न करतां यंत्र बंद करून जाणत्याकडे द्यावें.

सायंकाळपर्यंत सर्व कुलवृत्तांत दुसऱ्या डिस्कवर उतरला. तो उघडून चार पानें वाचलीं, तेव्हां कोठें चिरंजीवांस विंडोज घालण्याची परवानगी मिळाली.